मुलाच्या मानेतली गाठ आणि दोन बाटल्या

मुलाच्या मानेतली गाठ शस्त्रक्रिया करून काढली की ती अख्खी फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकायची, झाकण घट्ट लावायचं आणि पॅथॉलॉजिस्टकडे धाडून द्यायची, अशी आपल्याकडच्या बऱ्याच ऑपरेशन थिएटरमधली रीत आहे. ती बाटली माझ्याकडे येते. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, सांगली-मिरज पट्ट्यात प्रयोगशाळा चालवते. या रीतीबद्दल मला आज जाहीरपणे बोलायचं आहे, कारण तिची किंमत लहान मुलं मोजताहेत.

फॉर्मेलिनमुळे पेशींची रचना जशीच्या तशी टिकते. सूक्ष्मदर्शकाखाली त्या नीट दिसाव्यात म्हणून मला ते लागतंच. पण त्याच फॉर्मेलिनमध्ये गाठीतले जंतू मरतात. मेलेला जंतू कल्चरमध्ये वाढत नाही, त्यामुळे तो कोणता होता आणि कोणत्या औषधाला दाद देणार होता, हे कळायचा रस्ताच बंद होतो. क्षयाच्या जंतूची जनुकं शोधणाऱ्या सीबीनॅट चाचणीसाठीही फॉर्मेलिनमधला तुकडा घेत नाहीत. म्हणजे मुलाला भूल दिली, मानेवर चिरा घेतला, टाके घातले आणि हाती अर्धंच उत्तर आलं. गाठ आता शरीरात उरलेली नाही, पुन्हा तपासायचं काय?

माझी मागणी एवढीच आहे, की गाठ बाहेर आली की टेबलावरच तिचे दोन भाग करावेत. एक फॉर्मेलिनमध्ये जावा, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये. सलाइन नाही असं थिएटर अख्ख्या महाराष्ट्रात सापडायचं नाही. लागते ती फक्त एक जादा निर्जंतुक डबी आणि सर्जननं आधी केलेला विचार.

एवढ्याशा गोष्टीसाठी मी एवढा आग्रह का धरते, ते समजायला मानेतल्या गाठींची थोडी ओळख हवी.

पायात काटा रुतून पिकला की जांघेत अवधाण येतं, हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. मानेचंही तसंच असतं. उवांमुळे खाजवून खाजवून डोकं चिघळलं की मानेच्या मागं, केसांच्या कडेला गाठी हाताला लागतात. खालची दाढ किडली की जबड्याखाली लागतात, टॉन्सिल सुजले की जबड्याच्या कोपऱ्यात. धडधाकट, खेळत्या मुलाच्या मानेवरून बोटं फिरवली तरी लहान, मऊ, बोटाखाली सरकणाऱ्या गाठी सापडतात आणि एक सेंटिमीटरपर्यंतच्या अशा गाठींत काही वावगं नसतं. अशा गाठीसाठी कोणी मूल घेऊन आलं तर मी सुई हातात घेत नाही, आधी त्याचे दात बघते आणि केस विंचरून बघते.

गाठ दोन सेंटिमीटरच्या वर गेली, साध्या अँटिबायोटिकचा कोर्स पुरा करूनही दोन आठवड्यांत बसली नाही, एका गाठीच्या शेजारी दुसरी-तिसरी येऊन त्या एकमेकींना चिकटल्या, मूल सुकत चाललं, रोज संध्याकाळी अंग कोमट लागू लागलं, तर मात्र थांबू नये. गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या खळगीत गाठ लागली तर ती लहान असली तरी दाखवावीच, कारण तिथल्या गाठीचं मूळ पुष्कळदा छातीत किंवा पोटात असतं.

इथं एक गोष्ट पोटतिडकीनं सांगते. गाठ बसत नाही म्हणून सुई घालण्याआधीच स्टेरॉइड देऊ नका. स्टेरॉइडनं गाठ चार दिवसांत खाली बसते, घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि तो लिम्फोमा असेल, म्हणजे रक्तपेशींचा कर्करोग, तर नंतर घेतलेल्या तुकड्यात त्याची खूण पुसट झालेली असते. लिव्होफ्लॉक्सासिन आणि लिनेझोलिड ही औषधंही तशीच जपून वापरायची. क्षयाच्या जंतूवर त्यांचा परिणाम होतो, पण एकट्यानं तो जंतू संपवायची त्यांची ताकद नाही. रोग दबतो, निदान लांबतं आणि जंतू त्या औषधाला निर्ढावायचा धोका राहतो.

आपल्या भागात महिना-दोन महिने न बसणाऱ्या गाठीमागे सगळ्यात आधी क्षयाचा विचार करावा लागतो, आणि तो करायलाच हवा. मुलांना फुप्फुसाबाहेर जो क्षय होतो त्यात लसीका ग्रंथींचा, त्यातही मानेतल्या गाठींचा वाटा मोठा आहे. आमच्या आज्या-पणज्या त्याला गंडमाळ म्हणत. सांगली आणि मिरजेच्या मधे वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम होतं. क्षयावर औषधच नव्हतं त्या काळी मोकळी हवा, ऊन, विश्रांती आणि सकस जेवण हाच उपचार होता. आज औषध आहे, सरकार ते फुकट देतं आणि बहुतेक मुलं सहा महिन्यांत ठणठणीत होतात. म्हणूनच निदानात ढिलाई झाली की माझा जीव तुटतो.

क्षयाची गाठ बहुधा दुखत नाही, लाल होत नाही, तापत नाही. हळूहळू मऊ पडते. फुटली तर महिनोन्‌महिने पाझरत राहते आणि भरल्यावर आवळलेला वण ठेवते. मुलगी असेल तर त्या वणाची धास्ती घरात रोगापेक्षा मोठी होते. तासगावकडच्या एका आजींनी नातीला घट्ट धरून मला बजावलं होतं, “बाई, सुई टोचली की गाठ पसरती म्हणत्यात. आमच्या पोरीला नगं. उद्या तिला कोन करून घेईल?” मी म्हटलं, “आजी, सुईनं गाठ पसरत नाही. चिरा देऊन पू काढला तर मात्र ती वाहत राहील आणि वण पडेल.” आजींनी सुनेकडे बघितलं, मग पोरीला मांडीवर घेऊन बसल्या.

सुईच्या तपासणीचा पालकांना फार धसका असतो, म्हणून ती कशी होते ते सांगते. रक्त काढायला वापरतात तीच सुई असते, पुष्कळदा तिच्याहूनही बारीक. मूल आईच्या किंवा आजीच्या मांडीवर बसतं. मी डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात गाठ धरते. गाठ मऊ पडून एका जागी कातडी पातळ झाली असेल तर तिथून सुई कधीच घालत नाही. बाजूच्या चांगल्या कातडीतून, वरच्या अंगानं तिरकी नेते. खालून, पातळ कातडीतून सुई घातली तर तीच वाट पुढं पाझरत राहायची भीती असते. आत गेल्यावर दोन-चारदा पुढंमागं हलवायची आणि बाहेर काढायची. मूल रडायला तोंड उघडतं तोवर काम झालेलं असतं. त्या पोरीच्या गाठीतून खव्यासारखं पांढुरकं, दाटसर द्रव्य आलं. थोडं काचपट्टीवर पसरलं आणि उरलेलं सलाइनच्या छोट्या बाटलीत, सुईसकट सिरिंज खंगाळून घेतलं. ती बाटली त्याच दिवशी सीबीनॅटला गेली.

सीबीनॅटचं उत्तर दोन तासांच्या आत येतं. क्षयाचा जंतू आहे का, आणि तो रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देतो का, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कळतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्ये या चाचणीला मान्यता दिली. त्याच धर्तीची ट्रूनॅट ही चाचणी गोव्याच्या मोलबायो कंपनीची. तिचं यंत्र बॅटरीवर चालतं, म्हणून वीज बेभरवशाची असलेल्या तालुक्याच्या ठिकाणीही ते वापरता येतं. ही यंत्रं आपल्या दारात आहेत. त्यांना द्यायला नमुना मात्र हवा, आणि तो फॉर्मेलिनमध्ये बुडालेला नको.

एक अडचण लक्षात ठेवायची. मुलांच्या गाठीत क्षयाचे जंतू थोडेच असतात, त्यामुळे सीबीनॅट निगेटिव्ह आली म्हणून क्षय नाहीच, असं म्हणता येत नाही. मग कल्चर. तिथं जंतू वाढायला सहा आठवडेसुद्धा लागतात. आईबापांना सहा आठवडे थांबा म्हणणं सोपं नसतं, मला ते रोज म्हणावं लागतं. पण मूल खातंय, खेळतंय, वजन धरून आहे, छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे, तर थांबता येतं.

आता माझ्या स्वतःच्या रिपोर्टबद्दल. सहजासहजी न मरणारा जंतू गाठीत शिरला की शरीर त्याच्याभोवती पेशींचं कडं करतं. त्याला आम्ही ग्रॅन्युलोमा म्हणतो. काचपट्टीवर ते कडं दिसलं की रिपोर्टमध्ये ‘ग्रॅन्युलोमॅटस लिम्फॅडेनायटिस’ असं लिहिलं जातं, आणि ते दोन शब्द वाचून कित्येक डॉक्टर त्याच संध्याकाळी क्षयाची औषधं सुरू करतात. ते कडं कोणत्या जंतूसाठी केलं गेलं, हे नुसत्या कड्याकडे बघून खात्रीनं सांगता येत नाही. क्षयात ते दिसतं. मातीपाण्यात राहणाऱ्या क्षयाच्या चुलत भावंडांमुळे दिसतं. बीसीजीच्या लसीमुळे दिसतं. मांजरानं ओरखडल्यावर दिसतं. बुरशीमुळेही दिसतं. म्हणून मी रिपोर्टच्या तळाशी नेहमी एक ओळ लिहिते: जंतूची ओळख पटवण्यासाठी ताजा नमुना पाठवावा. ती ओळ वाचली जावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कोल्हापूरकडचं एक तीन वर्षांचं पोर माझ्याकडे आलं तेव्हा क्षयाची औषधं सुरू होऊन चार महिने होऊन गेले होते. जबड्याखाली एकाच बाजूला गाठ, तिच्यावरची कातडी जांभळट आणि कागदासारखी पातळ. पोर गुटगुटीत. ताप नाही, खोकला नाही, घरात कुणाला क्षय नाही. सुरुवातीला एका रुग्णालयात गाठीवर चिरा देऊन पू काढला होता आणि तो पू ट्रेमधून थेट कचऱ्यात गेला होता. त्यातला एक थेंबही कुठं तपासायला गेला नाही. चिरा भरला नाही, वाहतच राहिला. आई रोज सकाळी उपाशीपोटी गोळ्या पाण्यात विरघळवून त्याला पाजत होती आणि पोर निम्म्या ओकून टाकत होतं. त्या माउलीच्या हातून एक दिवस चुकला नव्हता. चुकलं होतं ते निदान. नव्यानं सुई घालून नमुना कल्चरला पाठवला. वाढला तो जंतू क्षयाचा नव्हता, मायकोबॅक्टेरियम एव्हियम गटातला होता. हा जंतू पाण्यात आणि मातीत असतो, माणसाकडून माणसाला लागत नाही. एक ते पाच वर्षांची मुलं सारखी हात तोंडात घालतात, त्या वयातच तो मानेतल्या गाठीत शिरतो. आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड या क्षयाच्या दोन मोठ्या औषधांनी त्याचं फारसं काही वाकडं होत नाही. औषधं बंद झाली आणि पुण्याच्या एका बालशल्यविशारदांनी उरलेली गाठ मुळासकट काढली.

या जंतूच्या बाबतीत चिरा देणं घातक ठरतं, आणि पूर्ण गाठ काढणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. नेदरलँड्समध्ये १०० मुलांवर केलेली एक चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात गाठ पूर्ण काढलेल्या मुलांपैकी ९६ टक्के बरी झाली, क्लॅरिथ्रोमायसिन आणि रिफाब्युटिन दिलेल्यांपैकी ६६ टक्के. पण जबड्याखालून ओठाच्या कोपऱ्याला जाणारी चेहऱ्याच्या मज्जातंतूची बारीक फांदी नेमकी तिथूनच जाते. तिला धक्का लागला तर मूल हसताना ओठ एका बाजूला वाकडा होतो. त्यामुळे गाठ त्या फांदीला खेटून असेल तर औषधं द्यायची, किंवा नुसतं लक्ष ठेवून थांबायचं, हेही योग्य आहे. ही गाठ कित्येक महिन्यांनी आपोआपही जिरते. हा निर्णय अनुभवी सर्जनचा. पण कोणता जंतू आहे हेच ठाऊक नसेल तर तो निर्णय कशाच्या आधारे घ्यायचा?

‘आपल्याकडे असले जंतू नसतात हो मॅडम, ते परदेशात,’ असं मला काही सहकारी ऐकवतात. परदेशात ते दिसले, कारण तिथं क्षय कमी झाला आणि प्रत्येक गाठीचं कल्चर होतं. स्वीडननं १९७५ साली सगळ्या नवजात बाळांना बीसीजी देणं थांबवलं आणि त्यानंतर तिथं लहान मुलांमध्ये याच जंतूंच्या गाठी वाढल्या. बीसीजी काही प्रमाणात यांनाही अडवत होती, असा त्याचा अर्थ लावला जातो. आपल्याकडे जन्मतःच बीसीजी मिळते, ते चांगलंच आहे आणि ती मिळत राहावी. पण कल्चरला न गेलेल्या गाठीत हे जंतू सापडणार कसे?

बीसीजीचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकते. डाव्या दंडावर लस दिल्यावर काही बाळांना डाव्या काखेत, क्वचित डाव्या गळपट्टीच्या हाडावर गाठ येते. बाळ हसतं-खेळतं असेल आणि गाठ पिकलेली नसेल तर काहीही करायचं नसतं, ती महिन्यांनी आपली आपण जिरते. पिकली तर सुईनं पू ओढून घेतला की पुरतं. अशा बाळांना सहा-सहा महिने क्षयाची औषधं दिलेली मी पाहिली आहेत, त्याची गरज नव्हती. मात्र बाळ वाढत नसेल, ताप असेल किंवा अंगावर इतर ठिकाणीही गाठी असतील तर त्याची प्रतिकारशक्ती तातडीनं तपासून घ्यावी.

मांजराचं प्रकरण वेगळं आहे. सात वर्षांचा एक मुलगा, मानेत एका बाजूला गाठ, दाबली की कळवळायचा. आधी दोन अँटिबायोटिक होऊन गेली होती. सुईतून आलेल्या द्रव्यात पू होता, ग्रॅन्युलोमाही होते, सीबीनॅट निगेटिव्ह होती. मी त्याला विचारलं, “घरी कोण कोण असतं रे?” त्यानं आई, बाबा, काका, काकू अशी नावं मोजली आणि शेवटी म्हणाला, “आणि सोनी.” सोनी म्हणजे गोठ्यात सापडलेलं मांजरीचं पिल्लू. त्यानं शर्टाची कॉलर बाजूला केली तर मानेच्या मुळाशी भरत आलेली एक पुळी होती. बार्टोनेला हेन्सेली हा जंतू मांजराच्या अंगावरच्या पिसवांमधून पसरतो. पिसवांची विष्ठा मांजराच्या नखांत अडकते आणि ओरखड्यातून आत जाते, पिल्लांकडून जास्त. ओरखड्यानंतर काही दिवसांनी पुळी येते आणि एक ते तीन आठवड्यांत त्या बाजूची गाठ सुजते. बहुतेक मुलांत दोन-चार महिन्यांत ती आपोआप बसते. पाच दिवसांचं ॲझिथ्रोमायसिन दिलं तर लवकर आकसते. रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी मोठ्या शहरात पाठवून करता येते. त्या घराला मी मांजर सोडून द्या असं सांगितलं नाही. पिसवांचा बंदोबस्त करा आणि ओरखडा आला की साबणानं धुवा, एवढं सांगितलं. लहान मुलाला घरात कोणकोणती जनावरं आहेत ते विचारायला पैसा लागत नाही, तरी त्याच्या जाड फाइलमध्ये हा प्रश्न कुणीच विचारलेला नव्हता.

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत ताप आणि गाठ बरोबरच आली तर मुलाचे सगळे कपडे उतरवून अंग तपासावं. कानामागं, केसांत, काखेत, जांघेत. गवतातल्या बारीक किड्याच्या अळीनं चावा घेतला असेल तर तिथं मधोमध काळी खपली आणि भोवती लाल कडं दिसतं. ते दुखत नाही आणि खाजत नाही, म्हणून मूल सांगत नाही. हा स्क्रब टायफस. नागपूर भागात २०१८ च्या पावसाळ्यात त्यानं बळी घेतले. इथं माझ्या सुईची वाट बघत बसू नये, डॉक्सिसायक्लिन लगेच सुरू करावं. दोन दिवसांत ताप उतरतो. आठ वर्षांखालच्या मुलांचे दात खराब होतील म्हणून हे औषध पूर्वी टाळत, पण थोड्या दिवसांच्या कोर्सनं तसं होत नाही हे आता मान्य झालेलं आहे.

आणि पाच दिवसांहून जास्त ताप, मानेत एका बाजूला मोठी गाठ, डोळे आणि ओठ लाल, जीभ लालभडक, अंगावर पुरळ असं चित्र लहान मुलात दिसलं तर तो कावासाकी आजार असू शकतो. तो संसर्ग नाही, पण संसर्गाचं सोंग आणतो आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजा करतो. त्यावरचं इम्युनोग्लोब्युलिन ताप सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत द्यायचं असतं. त्या मुलाला गाठीच्या तपासण्यांत अडकवून ठेवू नका, इको करणाऱ्या बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा.

क्षय पक्का झाला तर पुढचा रस्ता स्पष्ट आहे. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, रोज, वजनाप्रमाणे. लघवी केशरी होते, ते रिफॅम्पिसिनमुळे, घाबरायचं नाही. पण एक गोष्ट जवळपास कुणीच आधी सांगत नाही, ती अशी: उपचार चालू असताना गाठ मधेच मोठी होऊ शकते, शेजारी नवी येऊ शकते. औषधानं मेलेल्या जंतूंवर शरीर उसळून उठतं, त्याचा हा परिणाम असतो. तेवढ्यानं औषध लागू पडलं नाही असं समजून बंद करायचं नाही. वजन वाढतंय का, ताप गेला का हे बघायचं, आणि शंका असेल तर पुन्हा सुईचा नमुना कल्चरला द्यायचा. तसंच सहा महिने संपल्यावर बारीक, कडक गाठ हाताला लागत राहिली तर तेवढ्यासाठी कोर्स वाढवायची गरज नसते.

दरवर्षी दिवाळीनंतर मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या आमच्याकडे येतात. कोप्यांमध्ये मुलं असतात, आणि गावी सुरू झालेली औषधं असतात किंवा थांबलेली असतात. क्षयरुग्णांच्या सरकारी ‘निक्षय’ नोंदणीचा क्रमांक असेल तर देशात कुठल्याही सरकारी केंद्रावर औषधं पुढं चालू ठेवता येतात, हे त्या आईला गाव सोडतानाच सांगितलं गेलं पाहिजे, आणि क्रमांक तिच्या हातात कागदावर लिहून दिला पाहिजे. पोषणासाठीची मदत १ नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० वरून १००० रुपये झाली आहे, तीही तिचा हक्क आहे. आणखी एक काम त्या कोपीतच करायचं. मुलाच्या मानेत क्षय सापडला म्हणजे त्याच्या जवळपास कुणीतरी मोठं माणूस खोकतंय. त्या माणसाची थुंकी तपासल्याशिवाय आणि धाकट्या भावंडांची तपासणी करून त्यांना प्रतिबंधक औषध दिल्याशिवाय त्या मुलाचा उपचार पुरा झाला असं मी मानत नाही.

शासनाकडे माझं मागणं मोठं नाही. क्षयाच्या कार्यक्रमात मुलांच्या गाठीतून आलेल्या नमुन्याचं कल्चर करावं, आणि वाढलेला जंतू क्षयाचा नसेल तर तेवढंच लिहून न थांबता तो कोणता आहे तेही कळवावं. आज ‘क्षयाचा जंतू नाही’ एवढ्या ओळीवर रिपोर्ट संपतो आणि मुलाचे डॉक्टर पुन्हा अंधारात उरतात. जिल्ह्याच्या ठिकाणाहून नमुना मोठ्या प्रयोगशाळेत न्यायची व्यवस्था थुंकीसाठी आहेच, तिच्यातूनच गाठीची बाटलीही जाऊ शकते. सर्जन मित्रांनी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेला एक फोन करावा, म्हणजे तुकडा घ्यायला माणूस तयार राहील. उशीर होणार असेल तर सलाइनमधला तुकडा फ्रिजच्या साध्या कप्प्यात रात्रभर राहू शकतो, बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवू नये.

आणि आईबाबांनो, गाठ काढण्याआधी सर्जनना विचारा, “कल्चरसाठी वेगळा तुकडा पाठवणार ना?” हे विचारण्यात कुणाचा अपमान नाही. रिपोर्ट मिळाला की त्याबरोबर काचपट्ट्या आणि मेणात बसवलेला ठोकळाही मागून घ्या, प्रयोगशाळा तो तुम्हाला देते. पुण्या-मुंबईला दुसरं मत घ्यायला गेलात तर तिथले डॉक्टर आधी तोच मागतील, आणि मुलाच्या मानेवर दुसऱ्यांदा चिरा घ्यायची वेळ पुष्कळदा तेवढ्यानंच टळते.